उत्तरे पाठ, प्रश्न बाद



मुलांच्या कुतूहलाचे गोडवे गाण्यासाठी शिक्षक-पालकांचे हे संमेलन भरलेले नाही. ते दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या भाषणांत गायले जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकू येते, “हे परीक्षेला नाही, पुढे चला.” आजचे भांडण या वाक्याशी आहे.

पैसा नाही, प्रयोगशाळा नाही, वर्गात मुले फार, ही नेहमीची सबब. ती खोडणारा पुरावा 1972 पासून उपलब्ध आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान नव्याने शिकवायला घेतले. मुले गटागटाने प्रयोग करत, शिवारात हिंडून पाने-किडे पाहत आणि दिसले ते आपल्या शब्दांत वहीत उतरवत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक गावातल्या गुरुजींच्या बरोबरीने राबले. मुले ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीच्या नावाने प्रश्न पाठवत आणि त्यांना पत्राने उत्तर जाई.

खरी हिंमत परीक्षेत होती. पुस्तक आणि वही उघडी ठेवून पेपर लिहायचा, शिवाय प्रयोग करून दाखवायचा. उत्तर पुस्तकातून उतरवताच येणार नाही असे प्रश्न काढले की पाठांतराची सद्दी संपते.

1978 साली पुण्याच्या टेल्को या वाहन कारखान्यातून रजा घेऊन अरविंद गुप्ता हा तरुण अभियंता होशंगाबादला पोहोचला. त्याने हाती घेतल्या काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब. ट्यूबचा इवलासा तुकडा कापायचा, दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसायची, सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. त्याला कर्णाची काडी घातली की ताठ उभा राहतो. पुलाला आणि पत्र्याच्या छपराच्या कैचीला त्रिकोण का लागतात, हे सहावीतल्या मुलीच्या बोटांना कळते. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी हेच काम वर्षानुवर्षे केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता कोणत्या शाळेने म्हणावे की साहित्य परवडत नाही?

वेळ नाही, ही दुसरी सबब. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाला एका पोराच्या प्रश्नासाठी सवड होती. पोर्शन पुरा करायचा म्हणून हात वर केलेल्या मुलाला खाली बसवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

भाषेच्या शिक्षकांचीही सुटका नाही. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध कोकणातला मुलगा लिहितो तसाच दुष्काळी माणदेशातला मुलगाही लिहितो. त्याच्या गावात टँकरची वाट पाहणारी रांग असते आणि वहीत हिरवा शालू नेसलेली धरती. फळ्यावरून उतरवलेल्या त्या निबंधाला चांगले गुण देणारा शिक्षक मुलाला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नको, असे शिकवतो. आणि प्रकल्पाच्या नावाखाली दुकानातला थर्माकोलचा ज्वालामुखी आणून देणारे पालक त्यात सहभागी असतात.

होशंगाबादचा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पसरला आणि तीस वर्षांनी, 2002 मध्ये, सरकारने बंद केला. तो मुलांना पेलत नव्हता म्हणून नव्हे, मोठ्यांना पेलला नाही म्हणून. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020, दोन्ही दस्तऐवज घोकंपट्टीच्या विरोधात उभे आहेत. त्यामुळे वरून परवानगी नाही, असे म्हणायची सोय आता कोणाला उरलेली नाही.

म्हणून या व्यासपीठावरून स्पष्ट मागणी आहे. येत्या जूनपासून प्रत्येक मुख्याध्यापकाने निदान एक घटक चाचणी पुस्तक उघडे ठेवून घ्यावी. निबंधाचा विषय मुलाच्या गल्लीतला, शेतातला द्यावा आणि फळ्यावर एक ओळही लिहून देऊ नये. पालकांनी विकतचा प्रकल्प शाळेत पाठवू नये, शिक्षकांनी तो स्वीकारू नये. पुढच्या संमेलनाला येताना मुलांनी विचारलेल्या प्रश्नांच्या वह्या सोबत आणा. ठराव त्यांवरच मांडले जातील.