मातृसन्मानाचा जमाखर्च

(पिठोरी अमावास्येस रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या वार्षिक मातृमेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे आणि शेवटी दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, एवढेच शिक्षण घेऊन मी या संस्थेत आलो. त्यामुळे मातृत्वाच्या थोरवीवर बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु मातांचा सन्मान करताना आपल्या खतावणीत कोणते खाते उघडायचे राहून गेले होते, हे सांगण्याचा अधिकार मला आहे, कारण ती चूक माझ्याच हातून झाली होती.

आजची पिठोरी अमावास्या आपल्याकडे मातृदिन म्हणून पाळली जाते. गर्भवती स्त्रीचे डोहाळे पुरवावेत, शेजारणींनी ओटी भरावी, माहेरहून बाळंतविडा यावा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवावीत, एका घरचा पाळणा दुसऱ्या घरी जावा, ही आपली रीत जुनी आहे. तिच्यात उत्सव आहे तसाच व्यवहारही आहे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू हा केवळ कौतुकाचा पदार्थ नव्हे; बाळंतिणीच्या पोटाची ती काळजी आहे. आपल्या आजी-पणजींनी सोहळा आणि मदत यांची दोन वेगळी खाती कधी उघडली नाहीत.

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साजरा होणाऱ्या पाश्चात्त्य मातृदिनाचे मूळही असेच आहे. अमेरिकेतील पश्चिम व्हर्जिनिया भागात ॲन रीव्ह्ज जार्विस या बाईंनी 1858 च्या सुमारास मातांची कार्यमंडळे स्थापन केली. त्यांची स्वतःची अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती. ही मंडळे औषधांसाठी पैसे जमवीत, दुधाची शुद्धता तपासत आणि आजारी आईच्या घरी कामाला बाई ठेवीत. त्यांच्या कन्येने, ॲना जार्विस यांनी, आईच्या स्मरणार्थ 1908 मध्ये मातृदिनाचा पहिला सोहळा घडवून आणला आणि 1914 मध्ये त्यास राष्ट्रीय मान्यता मिळाली. पुढे त्या दिवसाचा फुलांचा आणि भेटपत्रांचा बाजार झाला, तेव्हा त्याच कन्येने उर्वरित आयुष्य त्या बाजाराविरुद्ध झगडण्यात घालविले. आईच्या मंडळांतील औषधाचा निधी मागे पडला आणि फुले तेवढी उरली. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आपलाच मेळावा आठवला.

कारण आपल्या मेळाव्याचेही काही वर्षे असेच झाले होते. साडी, श्रीफळ, गुलाबपुष्प, छायाचित्र आणि अल्पोपाहार. कार्यक्रम देखणा होत असे. हिशेबही चोख लागत असे.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कोजागिरीच्या दिवशी दूध विकायला गेलेली ती गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले गडाचे दरवाजे, घरी भुकेलेले तान्हे बाळ आणि अंधारात उतरलेला तो कडा. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथे उभा राहिलेला बुरूज तिच्या नावाने ओळखला जातो. आज राज्यातील एस. टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांनाही हिरकणी कक्ष हेच नाव आहे. आपण दरवेळी हिरकणीचे कौतुक करतो. मी मात्र अलीकडे ही गोष्ट दरवाजावर उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरून आठवतो. गडाचे दरवाजे मिटणे ही संरक्षणाची गरज होती. आपल्या रुग्णालयाचा दरवाजा मात्र रात्री आठ वाजता माझ्या सहीच्या परिपत्रकाने मिटत होता.

एके दिवशी लेखापरीक्षक येणार म्हणून मी सकाळी सहालाच आलो. फाटकाजवळच्या पायरीवर एक तरुण बाई अंगाभोवती शाल घेऊन बसली होती. मांडीवर स्टीलची वाटी, त्यावर रुमाल बांधलेला. मी विचारले, "बाई, इथं का बसलात?" ती म्हणाली, "रात्री आत सोडत नाहीत साहेब. बाळ वर पेटीत आहे. सकाळी सोडतील तेव्हा दूध नेऊन देईन." तिची प्रसूती आपल्याच रुग्णालयात झाली होती. तिला चार दिवसांपूर्वी सुट्टी मिळाली होती, बाळाला मिळाली नव्हती. गाव लांब, शेवटची गाडी संध्याकाळची. रखवालदाराने नियम पाळला होता आणि तो नियम माझा होता. रात्रभर उघड्यावर राहिलेले ते दूध बाळाला देता आले नाही. परिचारिकाप्रमुखांनी ते ओतून दिले आणि माझ्याकडे वळून एवढेच म्हणाल्या, "सर, आपल्या नोंदवहीत बाळ आहे, आई नाही."

खरोखरच नव्हती. डिस्चार्ज कार्डावर शिक्का पडला की आई 'रुग्ण' राहत नसे. तिला खाट नाही, जेवण नाही, रात्री थांबण्याची परवानगी नाही. आमच्या हिशेबात ती 'नातेवाईक' होत असे. सरकारी रुग्णालयांतील जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात मातेला नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस मोफत आहाराची तरतूद झाली. सुदृढ बाळाच्या आईपुरता हा हिशेब बरोबर आहे. परंतु दीड किलोहून कमी वजनाचे बाळ कित्येक आठवडे अतिदक्षता विभागात राहते. त्या आठवड्यांत त्याची आई कुठे झोपते, काय जेवते, हा प्रश्न आमच्या एकाही रकान्यात बसत नव्हता.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी मला त्यानंतर जे समजावून दिले, ते येथील मातांच्या कुटुंबीयांनीही ऐकावे अशी विनंती आहे. बाळ अंगाला लावता येत नसेल तर आईने दर दोन-तीन तासांनी, म्हणजे दिवसातून सुमारे आठ वेळा, दूध काढावे लागते; आणि रात्रीची वेळ टाळून चालत नाही, कारण दूध निर्माण करणारे संप्रेरक रात्री अधिक असते. दूध काढले गेले नाही तर शरीर ते बनविणे कमी करते. आईची झोप, तिचे पोटभर जेवण आणि मनाची शांतता यांचा त्या दुधाशी थेट संबंध आहे. पायरीवर बसलेल्या त्या मातेचे बाळ पुढे बरे होऊन घरी गेले, याचे समाधान आहे. परंतु तिचे आटलेले दूध पुन्हा पुरेसे आले नाही. ही वजाबाकी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

वैद्यकशास्त्र तर याहून पुढे गेले आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची 'कांगारू माता' पद्धत 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, तेव्हा उबदार पेट्यांचा तुटवडा हे त्यामागचे एक कारण होते. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. एक किलो ते सुमारे एक किलो आठशे ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईजवळ ठेवल्यास नवजात मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचा त्या अभ्यासात सहभाग होता. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात न्यावी लागली. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच दिशेची शिफारस केली. याचा माझ्या भाषेतील अर्थ असा, की आई ही त्या विभागाला भेट देणारी व्यक्ती नसून उपचाराचाच एक भाग आहे. मग तिचा खर्च उपचाराच्याच खात्यावर पडला पाहिजे.

विश्वस्त मंडळाने हे मान्य केले याबद्दल मी ऋणी आहे. जुन्या नोंदींची खोली रिकामी करून तेथे सहा खाटांचा माता निवास सुरू झाला. आठ वाजताचे परिपत्रक मी स्वतःच्या सहीने रद्द केले. दूध काढण्याची यंत्रे, ते साठविण्यासाठी स्वतंत्र शीतकपाट, नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या निर्जंतुक वाट्या आणि दोन वेळचे ताट एवढीच तेथील सामग्री आहे. कपाटात दुपटी, झबली, टोपडी आणि गोधड्या असतात. घरी जाणारी आई धुतलेली दुपटी पुढच्या आईसाठी ठेवून जाते. याची नोंदवही ठेवावी असे मी सुचविले होते. परिचारिका भगिनींनी मला प्रेमाने गप्प बसविले. वहीवाचूनही ते कपाट रिकामे झालेले नाही.

वस्तूंपेक्षाही मोलाची एक गोष्ट तेथे वाटली जाते, ती म्हणजे अनुभव. महिनाभर थांबलेली आई कालच आलेल्या आईला सांगते, "माझं बाळही एवढंसंच होतं." हे वाक्य कितीही पैसे मोजून आम्हाला विकत आणता आले नसते. यंदाच्या मेळाव्यात म्हणूनच पूर्वी येथून बाळ घेऊन गेलेल्या मातांना आणि त्यांच्या सासूबाईंना आम्ही आवर्जून बोलाविले. पहिला चीक टाकून द्यावा, सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडू नये, अशा समजुती आजही आहेत. त्यामागे बाळंतिणीला विश्रांती मिळावी ही मायाच असते. परंतु चीक हेच बाळाचे पहिले संरक्षण आहे, आणि बाळ रुग्णालयात असेल तर आईची जागा त्याच्याजवळ आहे, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने सांगितले तर ते आमच्या दहा फलकांपेक्षा लवकर पटते.

आपल्या पुढील संकल्पासाठी मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचा आदर्श समोर आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून तेथे 1989 मध्ये मानवी दुग्धपेढी सुरू झाली; आशियातील ती पहिली मानली जाते. दूध अधिक असलेल्या माता स्वेच्छेने, विनामूल्य दान करतात. दात्या मातेची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते, तपासले जाते आणि गोठवून ठेवले जाते. ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा हयात नाही, त्याच्यासाठी ते औषधच आहे. पायरीवरच्या त्या मातेच्या बाळालाही त्याचा आधार मिळाला असता. आपल्याकडे अशी पेढी अद्याप नाही. ती उभारण्यास यंत्रसामग्रीइतकेच प्रशिक्षित मनुष्यबळ लागेल आणि तो खर्च दरवर्षी येत राहील, हे मी आजच स्पष्ट सांगतो.

देणगीदार महोदयांना म्हणूनच दोन नम्र विनंत्या. पहिली अशी, की दुधाच्या भुकटीचे डबे आणि बाटल्या भेट म्हणून कृपया आणू नयेत. आपला हेतू शुद्ध असतो; परंतु 1992 च्या कायद्याने अनाथालयाखेरीज अशा दानास मनाई आहे, आणि त्यामागे आईचे दूध टिकावे हाच उद्देश आहे. दुसरी विनंती थोडी संकोचाने करतो. पाळणा देण्यास आपल्याकडे पाच देणगीदार पुढे येतात. चादरी धुण्याच्या खर्चास एकही येत नाही. पाळण्यावर नाव कोरता येते, धुतलेल्या चादरीवर येत नाही, हे मला समजते. तरीही आईच्या रात्रीच्या ताटाचा, परिचारिकेच्या जादा पाळीचा आणि धुलाईचा खर्च ज्यांनी उचलला, त्यांची नावे या अहवालात पाळणा देणाऱ्यांच्या बरोबरीने छापली जातील, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे.

आजही साड्या दिल्या जातील, ओट्या भरल्या जातील, जेवणाचा बेतही चांगला आहे. सोहळा हवाच; श्रमलेल्या माणसाला कोणीतरी आपली दखल घेतली हे कळावे लागते. फक्त ओटी भरून झाल्यावर ती बाई रात्री कुठे झोपणार आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला लागो.

कार्यक्रमानंतर आपण सर्वांनी माता निवास अवश्य पाहावा. चपला बाहेर काढाव्यात, हात धुवावेत आणि आवाज हळू ठेवावा. दुपारच्या वेळी तिथल्या आया झोपलेल्या असतात, आणि त्यांच्या झोपेचा खर्च आता आपल्या खतावणीत रीतसर नोंदलेला आहे.