खेळातली नाणी, खरा बाजार

आज जुगारावर बोलायचं नाही. जुगाराच्या शेजारी राहणाऱ्या एका व्यवहारावर बोलायचं आहे. ऑनलाइन खेळांत हजारो माणसं एकाच वेळी उतरतात. झाडं तोडतात, मासे धरतात, राक्षस मारतात आणि त्याबद्दल खेळातली नाणी मिळवतात. या नाण्यांना खेळाबाहेर किंमत नाही, असं कंपनी सांगते. पण ज्याला वेळ नाही तो खिशातले खरे रुपये मोजून दुसऱ्याची नाणी घेतो. बहुतेक कंपन्यांची याला बंदी आहे. सापडला की खातं बंद.

बंदी म्हटली की आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला मटका आठवतो. खामगाव ही कापसाची पेठ. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. याच कापसाचे न्यूयॉर्कच्या बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत येत, आणि गाठीला हातही न लावता लोक त्या आकड्यांवर पैसे लावत. १९६० नंतर ते आकडे बंद झाले. जुगार थांबला का? कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आपले आकडे आपणच काढायला सुरुवात केली. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे राहिले. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून होताच. त्यात सापडायचा तो बहुधा पानटपरीवर चिठ्ठ्या लिहिणारा.

पण खेळातली नाणी विकणारा जुगारीच, असं म्हणता येत नाही. मटक्यात नशीब असतं, इथं रात्र-रात्र जागून केलेली मेहनत असते. दक्षिण कोरियात ‘लिनिएज’ या खेळातल्या नाण्यांचा व्यापार करणाऱ्या दोघांवर खटला झाला. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. ही नाणी नशिबानं नव्हे, तर वेळ आणि कसब खर्चून मिळतात, असा निकालाचा आशय होता.

माझा भाचा बारावीला आहे. ईदी आणि आजीनं दिलेले मिळून त्याच्याकडे तीन हजार रुपये जमले. त्यानं एका खेळातलं कुणाचं तरी तयार खातं विकत घेतलं. बंदुका, पोशाख, नाणी सगळं त्यात. त्या खेळात नाणी एकाकडून दुसऱ्याला देताच येत नाहीत, म्हणून पोरं अख्खं खातंच विकतात. अकराव्या दिवशी खातं बंद. विकणारा फोन उचलेना. कंपनीला लिहिलं तर ठरीव मजकुराचं उत्तर आलं. ‘मामू, पोलिसांत जायचं का?’ पोरानं भीत-भीत विचारलं. फसवणूक ती फसवणूकच, म्हणून आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवलं. पण खातं विकत घेणंच नियमाबाहेर होतं, त्यामुळं कंपनीच्या दारी त्याची बाजू ऐकणारं कोणी नव्हतं.

बंदी राबवणं अवघड का, हे इंग्लंडच्या ‘रुनस्केप’ खेळात नीट दिसलं. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर खाती काढून नाणी गोळा करणाऱ्या टोळ्यांनी केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीला जेरीस आणलं होतं. पंचाईत अशी की, पैसे खेळाबाहेर दिले जातात. खेळात दिसतं ते एवढंच, एकानं दुसऱ्याला नाणी दिली. मित्राला दिलेली भेट आणि गिऱ्हाइकाला दिलेला माल सारखेच दिसतात. (कवीला शाल-श्रीफळ देताना पाकीट कधी सरकवलं, हे फोटोत दिसत नाही, तसंच.) मग कंपनीनं २००८ च्या सुरुवातीला देणंच आवळलं. देवघेवीत दोन्ही बाजूंची किंमत जवळपास सारखी हवी, असा नियम आला. चोरट्या व्यापाराची वाट अडली, पण भावानं भावाला एखादी भारी तलवार देणंही गेलं. खेळाडू चिडले. तीन वर्षांनी मतदान झालं. १२ लाखांवर मतं पडली आणि दहापैकी नऊ जणांनी जुनं मोकळेपण मागितलं. १ फेब्रुवारी २०११ ला ते परत आलं. पुढं २०१३ मध्ये कंपनीनं स्वतःच रोखे काढले. खऱ्या पैशांनी घ्या, खेळात नाण्यांना विका! म्हणजे दुकानाला बंदी नव्हती, दुसऱ्याच्या दुकानाला होती. तरीही टोळ्यांचं काही गिऱ्हाईक यानं तुटतं, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकनंही पणाला लावलेली रक्कमच धरली आहेत. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि मला हे फार योग्य वाटतं. पण खातं विकत घेणं म्हणजे पैसे लावून खेळणं नव्हे. त्याचा निवाडा कंपनी आपल्या अटींवर करते. पकडणारी तीच, शिक्षा देणारीही तीच. तिनं निदान कारण तरी मराठीत लिहून द्यावं. शंभर खाती चालवणारा दलाल आणि एकदाच चुकलेलं पोर यांना एका मापानं मोजू नये. पोराला आधी ताकीद द्यावी. आणि अपील माणसानं वाचावं. विकणाऱ्यापर्यंत जायचा रस्ता घेणाऱ्याच्याच फोनमध्ये असतो, त्याचा यूपीआय क्रमांक. भाच्याकडे तो होता. कंपनीनं विचारला नाही.