आपणच आपल्याला आवरणारी शाई

डिचोली तालुक्यातील मुळगावासारख्या गावी पावसाळ्यात ओहोळ ओलांडावयाचा म्हणजे पात्रात टाकलेल्या दगडांवरून पाय टाकीत जावे लागते. दगड एकमेकांच्या टप्प्यात असतात तोवर पोरेसुद्धा उड्या मारीत पैलतीर गाठतात. पाणी चढले, मधले चार दगड बुडाले, की ये-जा थांबते. पाणी ओसरले की पुन्हा सुरू होते. आज जिची माहिती द्यावयाची आहे त्या शाईचे वर्म याहून फारसे वेगळे नाही.

ही शाई लिहिण्याची नव्हे, वीज वाहून नेण्याची. काजळीची अतिसूक्ष्म पूड, एथिलीनपासून बनविलेले एखादे मेणचट बहुवारिक आणि त्याला पातळ करणारे द्रावण यांचे ते खूप वेळ घोटलेले मिश्रण असते. बहुवारिक स्वतः वीज वाहत नाही. वाहते ती काजळी. तिचे कण एकमेकांना लागून राहिले म्हणजे त्यांच्या साखळ्या होतात आणि त्या साखळ्यांवरून विद्युत्प्रवाह पलीकडे जातो. शाई तापू लागली की बहुवारिकाचा स्फटिकमय भाग वितळून फुगतो, कण दुरावतात, साखळ्या तुटतात. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला शेकडा ०.४ एवढाच वाढतो. या शाईचा मात्र थोड्याशा अंशांत शेकडो, कधी हजारो पटींनी वाढतो. विजेचा दाब तोच असेल तर रोध दुप्पट होताच उष्णता निम्मी होते. मग शाई निवते, आकसते, साखळ्या पुन्हा जुळतात. गोव्याच्या खाजन शेतीत मानशीची दारे भरतीच्या पाण्याने मिटतात आणि ओहोटीला उघडतात, तिथे दर वेळी कुणी हात लावावा लागत नाही, तसेच हे.

छपाईचे तंत्र लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराला परके वाटू नये. पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर प्रथम चांदीच्या शाईने दोन फण्या छापतात. एकीचे दात दुसरीच्या दातांमध्ये शिरलेले, पण कुठेही न भिडलेले. त्यावर जाळीच्या चौकटीतून काजळीची शाई ओढतात, भट्टीत वाळवितात आणि वरून दुसरा पापुद्रा चिकटवितात. थंड देशांत मोटारींच्या आरशांवरील दव आणि बर्फ घालविण्यासाठी असे पत्रे आरशामागे बसवितात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. स्वतःच वीज वाहणारी बहुवारिके निराळी. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनमध्ये हा गुण आणून दाखविला व २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शाईत बहुवारिकाचे काम फुगण्याचे आहे, वाहण्याचे नव्हे. बहुवारिके उष्णतेला प्रतिसाद देतात हे गोमंतकीयांना तरी नवे वाटू नये. फोंडा तालुक्यातील माशेल येथे १९४३ साली जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर, जे १९८९ ते १९९५ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते, त्यांनी बाह्य परिस्थितीनुसार फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या बहुवारिक जेलांवर संशोधन केले आहे.

मोटारीच्या आरशापेक्षा अंथरुणाचा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा. साध्या तारेच्या शेकगादीची एखादी घडी पडली, वर उशी आली, तर कोंडलेली उष्णता वाढतच जाते. तापमान राखणारी कळ गादीत एकाच ठिकाणी असेल तर दुसऱ्या कोपऱ्यातील दाह तिला कळत नाही. अर्धांगाने अंथरुणास खिळलेली म्हातारी कूस बदलू शकत नाही आणि तान्हे मूल कुठे भाजते ते सांगू शकत नाही. छापलेल्या पत्र्यात प्रत्येक ठिपका आपल्यापुरता पहारा ठेवतो. झाकलेला कोपरा तेवढा मागे सरतो, बाकीचा भाग ऊब देत राहतो.

परंतु या पहारेकऱ्यालाही डुलकी लागते, आणि तीही नेमकी नको त्या वेळी. तापमान वितळबिंदूच्या फार वर गेले तर मऊ झालेल्या बहुवारिकात काजळीचे कण मोकळे होऊन पुन्हा एकत्र येतात. रोध वाढावयाचा तो घसरतो आणि प्रवाह उसळतो. म्हणूनच बहुवारिकाच्या रेणूंना इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने किंवा रसायनाने एकमेकांशी बांधून घेतात, म्हणजे कणांना भटकता येत नाही. ही बांधणी नसलेला पत्रा, तो कितीही स्वस्त असो, माणसाच्या अंगाखाली घालण्याजोगा नाही. शिवाय वारंवार तापून निवण्याने रोध हळूहळू बदलतो, घडी पडली की चांदीच्या रेघा तडकतात, आणि कोकण-गोव्याची दमट हवा कडेच्या चिकटपट्टीतून आत शिरू पाहते. घरी हौसेने प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर बॅटरीच्या चार-सहा व्होल्टांपलीकडे जाऊच नये. भिंतीतील विजेशी ही थट्टा करणे प्राणावर बेतेल.

अशा गादीची परीक्षा थंड खोलीत सपाट पसरून होत नाही. ती दुमडून, एका बाजूवर जाड रजई टाकून, तासन् तास चालू ठेवावी. मग झाकलेल्या आणि उघड्या अशा दोन्ही भागांचे तापमान मोजावे, आणि शेकडो वेळा तापवून-निववून झाल्यावर तेच पुन्हा करावे. विकत घेणाऱ्याने दुकानदाराला हे विचारावे. आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर म्हातारीसाठी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून, हाताला सोसते की नाही हे पाहून द्यावी.