कायद्याचे शिक्षण : कॉलेजची निवड आणि घरची ऐपत

(मंडळाच्या वलगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. उभी हयात बाराखडी व पाढे शिकविण्यात गेली. कोर्टाची पायरी चढलो ती धुऱ्याच्या एका दाव्यापुरती, व तीही साक्षीदार म्हणून. कायद्याच्या शिक्षणावर आम्ही काय बोलावे? पण चिटणीस म्हणाले, "गुरुजी, यंदा आपल्यातील सात मुलामुलींना वकील व्हायचे आहे आणि त्यांचे आईबाप तुमच्याकडेच विचारायला येतात." हे खरे आहे. आणखीही एक कारण आहे. ते सांगावयास जड जाते, पण आज सांगणार आहोत.

आपण बसलो आहोत त्या ह्या वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगे महाराजांनी देह ठेवला. घरची भांडी मोडावी लागली तरी चालेल, पण पोर शिकले पाहिजे, हे त्यांचे सांगणे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. त्या उपदेशात काडीचे उणे नाही. मात्र कोणत्या शिक्षणासाठी काय मोडावयाचे, हा हिशेब महाराज आपल्यावरच सोपवून गेले. तेथे आम्ही चुकलो.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा २०१४ साली बारावी झाला. मुलगा हुशार, वक्तृत्वात बक्षिसे मिळविलेला. एका मोठ्या शहरातील खासगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक घरी आले. आत काचेच्या इमारती, टाय लावलेली मुले आणि नोकऱ्यांची आश्वासने. बंधू आम्हांस म्हणाले, "तू मास्तर आहेस, तू सांग." आम्ही ते माहितीपत्रक दोनदा वाचले आणि सांगितले की पाठवा. अडीच एकर वावर विकले, वर बँकेचे कर्ज काढले. पाच वर्षांत खर्च अकरा लाखांच्या पुढे गेला. २०१९ मध्ये मुलगा पदवी घेऊन आला. आश्वासनातील नोकरी पहिल्या चारपाच मुलांना मिळाली, आणि ती मुले इंग्रजी शाळांतून आलेली, मोठ्या घरची होती. आमचा पुतण्या अमरावतीच्या कोर्टात एका वकिलांच्या हाताखाली बसू लागला. पदवीनंतर वर्षभराने बँकेचा हप्ता सुरू झाला, तोच २०२० साली टाळेबंदी येऊन कोर्टाचे कामकाज जवळजवळ थांबले. सनद असलेल्यास पूर्ण पगाराची नोकरी करता येत नाही, तेव्हा सनद स्थगित करून तो नागपुरास एका फायनान्स कंपनीत वसुलीच्या कामास लागला. कर्ज फिटेपर्यंत चार वर्षे गेली.

त्या चार वर्षांत त्याने आम्हांस एकदाही बोल लावला नाही. म्हणूनच आज उभे राहणे प्राप्त झाले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. डॉक्टर व इंजिनियर ह्यांच्या शिक्षणाची मोजपट्टी आपण वकिलीस लावतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली सनद एकच आहे. बार कौन्सिलची मान्यता असलेल्या कोणत्याही कॉलेजातून पदवी घ्या, अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हा, तुम्हांस दर्यापूरच्या कोर्टापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत उभे राहण्याचा तोच अधिकार मिळतो. सनदेवर कॉलेजच्या इमारतीचे चित्र नसते. नोंदणीची फीदेखील कायद्याने ठरलेली, सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये. त्याहून अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी बजावले आहे.

दाखला दूर शोधावयास नको. आपल्या अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात वाढलेले, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले भूषण गवई ह्यांची कायद्याची पदवी अमरावती विद्यापीठाची. १९८५ च्या मार्चमध्ये ते वकिलीस लागले आणि १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निवृत्त झाले. आता कोणी म्हणेल, त्यांचे वडील रा. सू. गवई विधान परिषदेचे सभापती होते, तेथे आपली बरोबरी कशी? आक्षेप योग्य आहे, आणि एका उदाहरणावरून नियम करू नये हेही खरे. पण त्यांच्या चरित्रातील दुसरी गोष्ट पाहावी. प्रारंभीची दोन वर्षे ते बॅरिस्टर राजा भोसले ह्यांच्यासारख्या नामांकित वकिलांच्या हाताखाली होते. कॉलेज अमरावती विद्यापीठाचे आणि गुरू पहिल्या प्रतीचा, असा तो मेळ होता.

मग मोठी कॉलेजे निरुपयोगी काय? तसे आम्ही म्हणणार नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तेथे प्राचार्य झाले. सरकारी असल्यामुळे तेथील फी थोडी आहे. खर्च होतो तो मुंबईत राहण्याचा. पुण्याचे आय. एल. एस. कॉलेज १९२४ चे, त्याचाही लौकिक जुना. नागपुरास विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. ही सर्व राज्याच्या सीईटी परीक्षेच्या गुणांवर मिळतात, आणि ती परीक्षा मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची गोष्ट निराळी. आपल्याला जवळचे ते नागपूरचे, २०१६ मध्ये सुरू झालेले. तेथे 'क्लॅट' नावाची परीक्षा, १२० प्रश्न, दोन तास, सर्व इंग्रजीत, आणि खर्च वर्षाला लाखांच्या घरात. ज्या मुलास तेथे स्वतःच्या गुणांवर जागा मिळाली, ज्याचे इंग्रजी वाचन पक्के आहे आणि ज्याला मोठ्या कंपन्यांचे काम किंवा उच्च न्यायालय गाठावयाचे आहे, त्याला अवश्य पाठवावे. तेथील नाव खरोखर दार उघडते.

फसगत होते ती मधल्या जागी. फी राष्ट्रीय विद्यापीठाची आणि नाव शेजारच्या जिल्ह्यासही ठाऊक नाही, अशा संस्था पुष्कळ निघाल्या आहेत. आम्ही अडीच एकर दिले ते अशाच ठिकाणी.

दुसरे उदाहरण आमच्या नात्यातील एका मुलीचे. तिने बी. ए. नंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम अमरावतीस केला. रोज एस. टी.ने जाणे-येणे, दुपारचा डबा घरचा. वर्गात कित्येकदा पाचसहाच मुले असत, आणि दाव्याचा मसुदा कसा लिहावा हे तीन वर्षांत कोणी धड शिकविले नाही, हे तीच सांगते. ते ती शिकली कोर्टाच्या आवारातील टंकलेखकांजवळ बसून. पहिली दोन वर्षे सीनियर महिन्याला तीन हजार रुपये देत. पण डोक्यावर कर्ज नव्हते, वडिलांनी शिक्षणातून वाचविलेले पैसे तिच्या नावे ठेवले होते, म्हणून ती टिकली. आज वाटणीचे दावे, मोटार अपघाताची नुकसानभरपाई, प्रकल्पात जमीन गेलेल्यांचे वाढीव मोबदल्याचे अर्ज, अशी कामे ती स्वतः चालविते. मात्र नागपूर खंडपीठातील इंग्रजी युक्तिवादाची तिला अजून धास्ती वाटते, आणि ही उणीव कॉलेजच्या दिवसांतच भरून काढावयास हवी होती असे ती म्हणते.

ह्या दोन मुलांकडे पाहून आम्हांस जे उमगले ते असे की वकिलीचा खर्च पदवीनंतर खरा सुरू होतो. नव्या वकिलास चारपाच वर्षे घरूनच पोसावे लागते. २०२४ च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरांना शहरात २० हजार व ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असे सुचविले. ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, आणि तालुक्याच्या कोर्टात ती कितपत पाळली जाते हे वकील मंडळींस विचारावे. न्यायाधीश होण्याची इच्छा असेल तरी हीच वाट. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेस तीन वर्षांची वकिली हवी. अशा वेळी बँकेचा हप्ता आणि ज्युनियरशिप एका घरात नांदू शकत नाहीत. म्हणून आमचे मत असे झाले आहे की घरात दहा लाख असतील तर त्यांतील निम्मे पदवीनंतरच्या वर्षांसाठी राखून ठेवावे, आणि उरलेल्या निम्म्यांत जे कॉलेज बसते ते पाहावे. दहा नसून दोन असतील तरी रीत तीच. जिल्ह्यातील कोर्टात काम करावयाचे असेल तर अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय किंवा अकोल्याचे लॉ कॉलेज ह्यांत कमीपणा काहीही नाही. स्वतः विलायतेस जाऊन बॅरिस्टर झालेल्या भाऊसाहेबांनी शिक्षणाची सोय शेतकऱ्याच्या दाराशी आणली, ती आपल्याच पोरांसाठी.

कॉलेज पाहावयास जाताना पालकांनी माहितीपत्रक घरी ठेवावे. सांगून न जाता सकाळी अकराला जावे आणि वर्ग भरला आहे की नाही हे पाहावे. नियमाप्रमाणे सत्तर टक्के हजेरी लागते, ती वर्गात दिसते की नुसती पटावर, हे खडूच्या धुळीवरूनही कळते. आम्ही जन्मभर तेच केले. मग ग्रंथालयात जावे. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिची पुस्तके कपाटात आहेत की अजून जुनीच, हे विचारावे. त्यानंतर जिल्हा कोर्टाच्या बाररूममध्ये दोन जुन्या वकिलांना विचारावे की तुम्ही हाताखाली मुले घेता ती कोणत्या कॉलेजची. ह्या विचारण्यास पैसा पडत नाही. आम्ही तेव्हा बसचे तिकीटदेखील काढले नाही.

सवलतींविषयी थोडे. मागासवर्गीयांची शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींसाठी झालेली शुल्कमाफी, ह्यांची नीट चौकशी करावी. प्रवेश सीईटीच्या केंद्रीय फेरीतून घ्यावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतल्यास अशा सवलती हातच्या जातात. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच टाकावा. दरवर्षी दोनतीन मुलांची जागा केवळ त्या कागदावाचून अडते आणि मग सर्वजण मंडळाकडे धावतात.

आमचा पुतण्या २०२४ मध्ये पुन्हा कोर्टात आला. ज्या सीनियरांकडे पूर्वी बसत असे त्यांनीच त्याला परत टेबल दिले. वय तिशीच्या घरात, म्हणजे बरोबरीचे मित्र पाच वर्षे पुढे आहेत. गेल्या पोळ्याला तो घरी आला तेव्हा ह्या भाषणाचे टिपण आम्ही त्याला वाचून दाखविले आणि त्याचा प्रसंग सांगावा की नाही असे विचारले. तो म्हणाला, "सांगा काका, पण नाव नका घेऊ माझं. आणि त्या सात जणांना रविवारी शाळेत बोलवा. सीईटीचे अर्ज मी भरून देतो."

तेव्हा पुढील रविवारी सकाळी नऊ वाजता, मराठी शाळेच्या पहिल्या खोलीत. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो बरोबर आणावेत. पालकांपैकी एकाने तरी यावे.