हातचा कुठे हरवतो?



रायपूरमध्ये वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांनी बेरीज दोन भाषांत शिकली. शाळेत गुरुजी म्हणायचे ‘हासिल एक’, आणि संध्याकाळी गृहपाठ घेताना आई म्हणायची ‘हातचा एक’. आज मला त्या एका हातच्याबद्दलच बोलायचं आहे.

मी नोकरी सांभाळून एका छोट्या ओपन सोर्स गणित लायब्ररीचं काम पाहतो. शेकडो अंकी संख्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार करणं हे तिचं काम. आजचा प्रोसेसर एका वेळी ६४ बिटांची संख्या हाताळतो, म्हणजे साधारण १९ अंकी. संख्या त्याहून मोठी असली की तिचे तुकडे करून एकेका घरात ठेवावे लागतात. आपल्या एकक-दशकाच्या घरात ० ते ९ मावतात, इथल्या एका घरात २ च्या ६४ व्या घाताइतक्या वेगवेगळ्या किमती मावतात. बाकी रीत तीच. उजवीकडून सुरुवात करायची आणि हातचा डावीकडे न्यायचा.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हातचा लक्षात ठेवायला कॅरी फ्लॅग नावाची वेगळी खूण असते. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर ज्या रिस्क-फाइव्ह आराखड्यावर बनला आहे, त्यात अशी खूण नाही. तिथे हातचा आला की नाही, हे आपल्या कोडलाच ओळखावं लागतं. त्या आराखड्यासाठी मी बेरीज लिहिली आणि एक सोपा नियम वापरला. पहिली संख्या, दुसरी संख्या आणि मागून आलेला हातचा एकत्र मिळवायचे. घरात उरलेलं उत्तर पहिल्या संख्येपेक्षा लहान असेल, तर हातचा आला असं समजायचं.

दशमानात करून पाहा. ७ आणि ८ मिळून १५. घरात ५ उरले, ५ हे ७ पेक्षा लहान, म्हणजे हातचा आला. ३ आणि ४ मिळून ७. ते ३ पेक्षा लहान नाहीत, म्हणजे हातचा नाही. नियम बरोबर वाटतो ना? मलाही वाटला.

मग चाचण्या लिहिल्या. आधी माहीत असलेली उत्तरं. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात एक कोडं सोडवलं होतं: ज्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो, असा वर्ग शोधा. त्यांचं उत्तर २२,६१,५३,९८० चा वर्ग. त्यातून मिळतो १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग. हे माझ्या लायब्ररीत घातलं, उत्तर जुळलं. त्यानंतर कोट्यवधी यादृच्छिक संख्या दिल्या. सगळं हिरवं. रविवारी रात्री आवृत्ती प्रसिद्ध करायची ठरली.

शनिवारी आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, “दादा, ९९९९ मध्ये १ मिळवून पाहिलात का?” म्हणजे सगळी घरं काठोकाठ भरलेली संख्या. पाहिलं, उत्तर बरोबर आलं. ती म्हणाली, “आता उलटं करा. १ मध्ये ९९९९ मिळवा.”

उत्तर चुकलं.

तुम्ही कागदावर माझा नियम लावून बघा. एककात १ आणि ९ मिळून १०, घरात ०, हातचा १. इथवर ठीक. दशकात ० आणि ९ आणि हातचा १, पुन्हा १०, घरात ०. पण पहिली संख्याही ० च होती. ० हा ० पेक्षा लहान नाही, म्हणून नियम म्हणतो हातचा नाही. पुढच्या दोन घरांत ९ तसेच राहतात. दहा हजारांच्या जागी ९९०० मिळतात.

चूक एकाच प्रसंगी होते: दुसऱ्या संख्येचं घर काठोकाठ भरलेलं आणि मागून हातचा आलेला. दशमानात हे सुमारे वीस वेळांत एकदा घडेल, कोणत्याही शाळकरी मुलाला सापडेल. पण ६४ बिटांचं घर योगायोगानं काठोकाठ भरायला सेकंदाला १०० कोटी यादृच्छिक चाचण्या केल्या तरी सरासरी ५८४ वर्षं लागतील. माझ्या हिरव्या दिव्यांचा अर्थ तेवढाच होता. आणि भास्कराचार्यांचं ते उत्तर? त्याचा वर्गसुद्धा ६४ बिटांच्या एकाच घरात मावतो. हातचा एका घरातून दुसऱ्या घरात जायची वेळच आली नव्हती.

हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाचं होतं असं समजू नका. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांसाठी जगभर वापरली जाणारी ओपनएसएसएल लायब्ररी घ्या. तिच्या मोठ्या संख्यांचा वर्ग काढणाऱ्या कोडमध्ये अशीच दुर्मिळ चूक होती. काही प्रोसेसरवर ती २ च्या ६४ व्या घाताइतक्या वेळांत एकदा घडायची, तर नेहमीच्या ६४ बिट इंटेलवर २ च्या १२८ व्या घाताइतक्या वेळांत एकदा. नोव्हेंबर २०१४ मध्ये पीटर वुइले यांनी ती कळवली आणि जानेवारी २०१५ मध्ये दुरुस्ती जाहीर झाली. ते दुसरीच एक लायब्ररी तपासत होते, आणि त्यांच्या चाचणीतल्या संख्यांमध्ये मुद्दाम ० आणि १ च्या लांबच लांब रांगा होत्या. जीएमपी ही नावाजलेली लायब्ररीही अशाच रांगा वापरते, कारण हातचा अशाच रांगांतून लांबवर धावतो.

आम्ही रविवारचं प्रकाशन थांबवलं. कोड दोन ओळींत सुधारला: आधी दोन संख्या मिळवून तपासायचं, मग हातचा मिळवून पुन्हा तपासायचं. चाचण्या सुधारायला मात्र तीन आठवडे लागले.

आता प्रत्येक आवृत्तीआधी आम्ही हे करतो. संथ पण सरळ लिहिलेला दुसरा कोड ठेवतो आणि वेगवान कोडचं उत्तर त्याच्याशी ताडून पाहतो. संख्यांची अदलाबदल करून उत्तर तेच येतं का बघतो. वेगासाठी चार-चार घरं एकदम उचलतो, म्हणून एक घर, तीन घरं, पाच घरं असे अडनिडे आकार देतो. संख्येच्या दोन्ही बाजूंची मेमरी कुलूपबंद करतो, म्हणजे कोडनं हद्द ओलांडली की प्रोग्राम तिथेच कोसळतो. शेवटी मुद्दाम कोड बिघडवतो. हातच्याची एक ओळ काढली आणि तरीही दिवे हिरवेच राहिले, तर दोष चाचणीत आहे.

एवढा खटाटोप का? प्रोग्राम कोसळला तर वापरणाऱ्याला निदान कळतं. बेरीज चुकली तर काहीच कळत नाही. कुणी आपला प्रबंध त्या उत्तरावर उभा करतो, कुणी सुरक्षेची किल्ली बनवतो. आपला कोड तो माणूस कधी उघडून बघणार नाही, आणि त्यानं बघावा अशी अपेक्षाही नाही.

इथे एनआयटीतली आणि नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीतली मुलं बसली आहेत. ओपन सोर्समध्ये हातभार लावायचा म्हणजे मोठं काही लिहायला हवं, असं तुम्हाला वाटत असेल. त्या मुलीनं कोडची एक ओळही लिहिली नव्हती, फक्त संख्या उलट्या क्रमानं मिळवायला सांगितल्या होत्या. आमच्या आवृत्तीच्या आभारांत पहिलं नाव तिचं आहे.