एका संख्येची कैफियत



दोनाचा ३२वा घात घेऊन त्यात एक मिळविला म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या सिद्ध होते, आणि आजची कैफियत तिचीच आहे. तुलूझच्या न्यायालयात सल्लागार असलेला व दफ्तरातून सवड मिळेल तेव्हा गणित करणारा प्येर द फर्मा याने १६४० साली स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांत असे प्रतिपादन केले की, याच रीतीने, घातांक दर वेळी दुप्पट करीत, ३, ५, १७, २५७, ६५५३७ या क्रमाने पुढे येणाऱ्या सर्वच संख्या मूळसंख्या होत. या पाचांविषयी वाद नाही. सहावी मात्र आपली ही चार अब्जांवरची. सिद्धता आपल्यापाशी नाही हे त्याने प्रांजळपणे कबूल केले होते. तथापि एका कायदेपंडिताने पुराव्यावाचून दावा दाखल करावा आणि नव्वद वर्षे तो कोणी नामंजूर करू नये, हे नवलच म्हणावयाचे.

१७२९ साली गोल्डबाख या गणितज्ञाने पत्रातून ऑयलर या गणितज्ञाकडे या दाव्याची पृच्छा केली, आणि १७३२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे पंचविशीतल्या ऑयलरने निकाल दिला: या संख्येस ६४१ ने निःशेष भाग जातो. या यशाचे मर्म त्यानेच पुढे उलगडले. हिला भाग लावू शकणारी मूळसंख्या चौसष्टाच्या कोणत्या तरी पटीहून एकाने मोठी असलीच पाहिजे. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्या बाद केल्या की पाचवी येते ती ६४१! त्यात या निष्कर्षाला लागणारे प्रमेय फर्माचेच, १६४० सालच्याच पत्रव्यवहारातले; काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय?

भागाकार करून खात्री पटते, पण समाधान होत नाही. म्हणून ही दुसरी वाट पाहावी. कोणत्याही संख्येच्या चौथ्या घातातून एक वजा केला असता उरलेल्या राशीस त्या संख्येहून एकाने मोठ्या संख्येने भाग जातो. तेव्हा ६४० च्या चौथ्या घातातून एक वजा केल्यास उरणाऱ्या राशीला ६४१ ने भाग जाणारच. आता ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. सबब ही राशी ६२५ गुणिले दोनाचा २८वा घात, उणे एक. उलटपक्षी ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. त्यास दोनाच्या २८व्या घाताने गुणले तर ६२५ गुणिले दोनाचा २८वा घात, अधिक दोनाचा ३२वा घात, अशी राशी मिळते, आणि तीही ६४१ च्या पटीतलीच. दुसरीतून पहिली वजा करा: बोजड पद दोन्हींकडून उडून जाते आणि दोनाचा ३२वा घात अधिक एक एवढेच शिल्लक राहते. इतकी नेटकी वजाबाकी मी तरी अन्यत्र पाहिलेली नाही.

भागाकार येतो ६७,००,४१७. हीदेखील फुटेल काय? तिच्याही अवयवांस चौसष्टाचा तोच निर्बंध लागू असल्यामुळे, तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे २५८८ पर्यंत, ६४१ पासून पुढे ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१ आणि २११३ धरून अवघ्या सात मूळसंख्या तपासाव्या लागतात. एकीनेही भाग जात नाही.