थंडी, कोहरा आणि सायकल
(मंडळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाद्रपदात हा माणूस थंडीवर काय बोलतोय, असं वाटेल. पण सायकलची थंडीची तयारी आत्ताच करावी लागते.

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून आपली कितीतरी कुटुंबं तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत आली. येवल्यात जन्मलेल्या तात्यांच्या नावाची वस्ती, त्यामुळे परकं वाटलं नसावं! दफ्तरात जायला सायकल. जानेवारीत पारा कधी ४-५ अंशांवर येतो, तलावाकडून कोहरा येतो. त्यावर कानटोपी, हातमोजे आणि स्वेटरच्या आत छातीशी कालचं वर्तमानपत्र. हसू नका, कागद वारा अडवतो. सकाळी अरेरा टेकडीचा चढ अंग तापवतो. बाधतो तो संध्याकाळचा उतार, कारण पाय थांबलेले आणि घामाचा बनियन पाठीला चिकटलेला. म्हणून निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे, एवढेच कपडे घालावेत.

फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे, वस्ती सुमारे दोन लाख. तिथे उणे २० अंशांतही मुलं सायकलने शाळेत जातात. २०१३ साली हिवाळी सायकलिंगची पहिली जागतिक परिषद तिथेच भरली. ती माणसं आपल्यापेक्षा काटक आहेत असं मला वाटत नाही. तिथली नगरपालिका सकाळी सायकलच्या वाटांवरचा बर्फ काढते, वाटेवर दिवे असतात, आणि मोटार त्या वाटेवर येत नाही.

आपल्याकडे बर्फ काढायचा नाही. २०१७ साली ५०० भाड्याच्या सायकली आल्या, होशंगाबाद रोडवर वेगळा ट्रॅक झाला. कौतुकच आहे. पण जवाहर चौकात जुने क्वार्टर पाडून रुंद रस्ते झाले, आणि रुंद रस्त्यावर गाड्या जोरात धावतात. नातवाला आपण सांगतो, "थंडी आहे, सायकल नको." खरं तर आपल्याला भीती असते ती कोहऱ्यात मागून येणाऱ्या गाडीची. मुलगा मात्र थंडीलाच घाबरायला शिकतो.

तेव्हा दिवाळीपूर्वी प्रत्येक घरच्या सायकलला मागे लाल दिवा लावा, ब्रेकचे रबर बदला. आणि चौकापासून शाळांपर्यंत सायकलसाठी वेगळा पट्टा आखावा, असा अर्ज नगर निगमला द्यायचा आहे. तो तिकडे टेबलावर आहे. आरतीनंतर सही करूनच प्रसाद घ्या. अर्ज हिंदीत लिहिलाय, शुद्धलेखन तपासत बसू नका.